हेगच्या बाजारात घोळीची जुडी मिळते

वाचकाचे पत्र

माझे माहेर कराडचे. पतीच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी आम्ही नेदरलँड्समध्ये, हेग शहराला लागून असलेल्या राइसवाइक या गावी राहायला आलो. महिन्यातून एकदा भारतीय दुकानात जाऊन मी गोठवलेली भेंडी, गोठवलेली गवार, डाळी आणि कणीक आणते. त्यात बराच पैसा जातो आणि भाज्यांचा शिजल्यावर लगदा होतो. जवळच्या सुपरमार्केटमधून बटाटे, कोबी आणि फ्लॉवर यांच्यापलीकडे काही घेण्याचे धाडस होत नाही. इथल्या मोठ्या बाजारात एकदा गेले होते, पण भाषा येत नसल्यामुळे काहीच न घेता परत आले. इथले पीठ वापरून पाहिले, तर पोळ्या वातड झाल्या. सहा वर्षांच्या मुलीला आपले जेवण मिळत नाही, याची सारखी खंत वाटते. काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले 'काहीच न घेता परत आले' हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण एकोणीस वर्षांपूर्वी मीही त्याच बाजारातून रिकामी पिशवी घेऊन घरी आले होते आणि त्या रात्री आमच्याकडे नुसता वरणभात झाला होता. म्हणून पोळ्यांचे पुढे पाहू, आधी बाजाराबद्दल लिहिते. कराडच्या मंडईची यादी हातात घेऊन तुम्ही हेगमध्ये भाजी शोधत आहात, आणि माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे. यादी घरी ठेवा. बाजारात काय आले आहे ते आधी पाहा आणि मग त्याला कोणती फोडणी द्यायची ते ठरवा. आपल्या आईने आणि आजीने आठवडी बाजार असाच केला होता.

तुम्ही गेलात तो बाजार बहुधा हागसे मार्क्ट असावा. ट्रान्सफाल आणि स्खिल्डर्सवाइक या दोन वस्त्यांच्या मधोमध, हेर्मान कोस्टरस्ट्राट या रस्त्यावर तो १९३८ पासून भरतो आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार हे त्याचे दिवस, आणि वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. शनिवारी तिथे मुंगी शिरायला जागा नसते आणि विक्रेत्याला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड नसते. नवख्या माणसाने शनिवारी जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. बुधवारी जावे.

भाषेची भीती तुम्हाला वाटते, पण तुमच्या शहरात ती इतर युरोपपेक्षा पुष्कळ कमी असायला हवी, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. ५ जून १८७३ रोजी 'लाला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून निघालेल्या मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला पोहोचले. सुरिनाम तेव्हा डच वसाहत होती. पुढे १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसे अशी नेली गेली. त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी असंख्य कुटुंबे नेदरलँड्समध्ये आली आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. या लोकांना इथे हिंदुस्तानी म्हणतात आणि त्यांची सरनामी भाषा भोजपुरी-अवधीच्या घरातली आहे. बाजारातल्या वयस्कर हिंदुस्तानी बाईशी तुम्ही सावकाश, साध्या हिंदीत बोललात, तर ती निम्मेअधिक समजेल आणि उरलेले हातवाऱ्यांनी भागेल. मला पहिल्यांदा भेंडी देणाऱ्या आजींनी एका भेंडीचे टोक अंगठ्याने मोडून, तो आवाज मला ऐकवून, मगच भेंडी पिशवीत टाकली होती. त्या मोडलेल्या टोकाने मला जो धीर दिला, तो कुठल्याही भाषेच्या वर्गाने दिला नसता.

या लोकांनी सुरिनामच्या उष्ण हवेत पिकवलेल्या आणि नंतर इथे मागवायला सुरुवात केलेल्या भाज्या पाहाल, तर गोठवलेल्या पाकिटांची गरज बरीच कमी होईल. भेंडीला ते ओकर म्हणतात, कारल्याला सोप्रोपो, चवळीच्या हातभर लांब शेंगांना काउसबांट आणि वांग्याला बुलांजेर. तायरब्लाट या नावाने मिळणारी मोठी पाने अळूच्याच कुळातली आहेत. त्यांचे फदफदे उत्तम होते, पण ती पुरती शिजवायला हवीत आणि चिंच सढळ हाताने घालायला हवी, नाहीतर घसा खाजतो. गवार मात्र ताजी क्वचितच दिसते. तिच्या जागी काउसबांट घ्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि तेच दाण्याचे कूट, तोच गूळ, तोच गोडा मसाला घाला. घरातल्या कोणाचीही तक्रार येणार नाही. बाजारापासून जवळच पाउल क्रूगरलान हा रस्ता आहे, तिथल्या हिंदुस्तानी दुकानांत डाळी, हिंग आणि पिठेही मिळतात, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामे उरकतात.

आता खरेदीची रीत. इथे भाव तोंडी सांगताना दोन शब्द कानावर पडतात. 'ऑन्स' म्हणजे शंभर ग्रॅम आणि 'पोंट' म्हणजे अर्धा किलो. एवढे दोन शब्द पाठ असले की फसगत होत नाही. बऱ्याच गाळ्यांवर भाजी वाडग्यात भरून ठेवलेली असते आणि एका वाडग्याचा एक भाव असतो. हा आपल्याकडचा वाटा आहे, असे समजून चाला. वाडग्याला 'बाक्ये' म्हणतात, बोटाने दाखवून 'एन बाक्ये' म्हटले की झाले. घासाघीस करण्याची इथे पद्धत नाही, परंतु चार वाजल्यानंतर विक्रेते स्वतःच ओरडून भाव उतरवतात आणि एकाच्या भावात दोन वाडगी देतात. टोमॅटो, ढोबळी मिरची, आंबे अशा वस्तू त्या वेळी घ्याव्यात. पालेभाजी मात्र सकाळचीच घ्यावी. भाजीला स्वतः हात लावण्यापूर्वी शेजारचे गिऱ्हाईक काय करते ते पाहावे, कारण काही गाळ्यांवर निवडून घेऊ देतात, तर काही ठिकाणी ते अजिबात आवडत नाही. आणि शक्य तोवर दर आठवड्याला त्याच गाळ्यावर जावे. चौथ्या-पाचव्या खेपेला विक्रेता तुम्हाला ओळखू लागतो आणि 'आज हे घेऊ नका, परवाचे आहे' असे आपणहून सांगतो.

एका चुकीपासून मात्र जपा. कोथिंबीर, पार्सली आणि पानांची सेलरी या तिन्ही जुड्या इथे शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दुरून सारख्याच दिसतात. सेलरीला 'सेल्डराय' म्हणतात, सुरिनामी सूपमध्ये ती लागते, आणि तिच्या वड्या केल्या तर कडवट, उग्र लागतात. एक पान चुरडून वास घेतल्याशिवाय जुडी पिशवीत टाकू नका. शेपू मात्र बिनधास्त घ्या. इथले लोक ज्याला 'डिले' म्हणून माशांवर भुरभुरतात, तो आपला शेपूच आहे. मूगडाळ घालून परतला की घरभर कराडचा वास येईल.

पण ज्या भाजीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, ती घोळ आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर येणारी, लालसर देठांची, मांसल पानांची ही आंबूस भाजी शहरांतून जवळपास नाहीशी झाली. इथे मात्र ती डच लोकांची जुनी उन्हाळी भाजी आहे आणि 'पोस्तेलाइन' या नावाने मिळते. तुर्की गाळ्यांवर तीच भाजी 'सेमिझोतू' म्हणून मुळांसकट जुड्यांनी येते, आणि मला ती अधिक आवडते, कारण तिची देठे रसदार असतात. तिच्यात माती फार असते, म्हणून तीन पाण्यांतून काढावी. देठांसकट चिरावी. तेलात मोहरी, हिंग, चार मेथीदाणे, ठेचलेला लसूण आणि सुक्या मिरच्या यांची फोडणी करून त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे परतावेत, थोडे पाणी घालून झाकण ठेवावे आणि डाळ बोटचेपी झाली की घोळ घालावी. घोळ पाच-सहा मिनिटांतच मऊ पडते. मग वाटीभर ताकात तेवढेच पाणी आणि दोन चमचे बेसन घुसळून ते वरून ओतावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. खळखळून उकळू देऊ नये. घोळ स्वतःच आंबट असल्यामुळे ताक आंबट नसले तरी चालते. गरम भाताबरोबर ही पातळ भाजी वाढलीत की तुमच्या सासूबाईंनाही त्यात परकेपणा सापडणार नाही.

ताक म्हणून मी वापरते ते इथले 'कार्नमेल्क', जे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असते आणि डच माणसे पेल्याने पितात. आजकाल ते लोणी काढून नव्हे, तर दूध आंबवून करतात, त्यामुळे ते आपल्या ताकापेक्षा दाट असते. पाणी घालून सैल केले की कढीला, धिरड्यांना आणि मठ्ठ्याला चालते. 'क्वार्क' हा तर जवळजवळ तयार चक्काच आहे. पूर्ण स्निग्धांशाचा घ्यावा, तासभर फडक्यात टांगावा आणि साखर, वेलची, केशर घालून फेटावा. तुपासाठी 'रोमबोटर' म्हणजे लोणी आणावे, मात्र बिनमिठाचे आहे ना ते वेष्टनावर पाहून घ्यावे. त्यात ८२ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हणून अर्धा किलो लोण्याचे साधारण चारशे ग्रॅम तूप होते. तडतड थांबली आणि तळाशी बेरी तांबूस झाली की लगेच गाळावे.

तुपाचे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर आई घरचे तूप, पेढे आणि कढीपत्ता पाठवते, हे जवळपास प्रत्येक घरात घडते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताजी पाने, भाज्या आणि फळे वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, आणि त्यातून अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांनाच सूट आहे. विमानतळावर आईच्या हातचे तूप कचऱ्यात जाताना पाहणे फार वाईट असते. त्यापेक्षा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसुले आणि कारळ्याची चटणी मागवा. कढीपत्ता इथे सुरिनामी आणि इंडोनेशियन दुकानांत मिळतो. धुऊन, पुरता कोरडा करून डब्यात गोठवला, तर तसाच थेट तेलात टाकता येतो.

इंडोनेशियन दुकानाला इथे 'टोको' म्हणतात. तिथे पाट्या वाचताना तुम्हाला गंमत वाटेल. जिऱ्याला 'जिंतन' आणि धन्याला 'केटुंबार' म्हणतात, आणि दोन्ही नावे कानाला लगेच ओळखीची वाटतात. चिंच 'आसम' या नावाने मिळते. हिरवे मूग 'काचांग इजू' या नावाने असतात, ते घेऊन घरीच मोड आणावेत, कारण बाजारात मिळणारे तयार मोड बोटभर लांब आणि पाणचट असतात. थंडीत मोड येत नसतील, तर मुगाची पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवावी.

डाळींबाबत एक सावधगिरी सांगते. पिवळी, गोल, दुभंगलेली डाळ स्वस्त मिळते म्हणून तूरडाळ समजून आणू नका. ती वाटाण्याची असते. हिंदुस्तानी घरांत तिचे सारण भरून रोटी करतात आणि ती फार चांगली लागते, पण तिचे वरण वरणासारखे लागत नाही. तूरडाळ, हिंग, पोहे आणि ज्वारीचे पीठ यांच्यासाठी तुमची भारतीय दुकानाची फेरी चालूच ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र कडधान्यांत इथल्या मातीतले 'कापुसाइनर्स' जरूर घेऊन पाहा. हे तपकिरी सालीचे वाटाणे आहेत. रात्रभर भिजवून, कुकरमध्ये मऊ करून, कांदा-खोबऱ्याचे वाटण, गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून केलेली त्यांची उसळ दाट आणि काळसर होते. माझ्या जिभेला तिची चव वाटाणा आणि पावटा यांच्या मधली वाटते. उसळीसाठी मी आता मटकीची वाट पाहत नाही.

बटाट्याच्या पिशवीवर 'फास्टकोकंड' लिहिले असेल, तर तो शिजून घट्ट राहणारा बटाटा असतो, तो काचऱ्यांना आणि रश्शाला घ्यावा. 'क्रौमिख' लिहिले असेल, तर तो पिठूळ असतो, तो वड्यांना घ्यावा. कोबीमध्ये टोकदार 'स्पित्सकोल' नेहमीच्या गोल कोबीपेक्षा कोवळा असतो आणि पचडीला फार छान लागतो. नवलकोल इथे 'कोलराबी' म्हणून मिळतो. हिवाळ्यात पालेभाजी संपली असे वाटेल, तेव्हा 'बूरनकोल' ही कुरळ्या पानांची भाजी देठ काढून, वाफवून, बारीक चिरून, पीठ पेरून करावी.

तुमच्या घरी मासे खात असतील, तर बाजारातल्या मासळीच्या गाळ्यावरचा ताजा मॅकरेल घ्यावा. तो बांगड्याच्या नात्यातला, पण अधिक तेलकट असतो आणि आमसुलाचे सार त्याला चांगले मानवते. धुरी दिलेला सोनेरी मॅकरेल कालवणात घालू नये.

आता पोळ्या. आपल्याकडची कणीक जात्यावर किंवा चक्कीवर दाबून दळलेली असते, त्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातले पिष्ट तुटते आणि म्हणून ती भरपूर पाणी पिते. इथले 'फोल्कोरनमेल' म्हणजे सबंध गव्हाचे पीठ खरे, पण त्यातला कोंडा जाड असतो आणि ते पाणी कमी शोषते. तुम्ही कराडच्या अंदाजाने पाणी घातलेत, की पीठ चिकट होते. मग वरून पीठ लावत राहावे लागते आणि पोळी वातड होते. हे पीठ बारीक चाळणीने चाळून घ्यावे, त्यात पाव हिस्सा 'ब्लूम' म्हणजे पांढरे पीठ मिसळावे, कोमट पाणी थोडे थोडे घालत मळावे, शेवटी तेलाचा हात लावावा आणि निदान अर्धा तास झाकून ठेवावे. हा अर्धा तास सोडू नका, कोंडा त्याच वेळात मऊ होतो. शेगडी इंडक्शनची असेल तर पोळी आचेवर फुगवता येत नाही, तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबावी. उरलेला कोंडा थालीपिठात जातो. आणि एखाद्या शनिवारी डेल्फ्टला जाऊन 'द रोस' ही पवनचक्की पाहा. ती अजून वाऱ्यावर दळते आणि तिथे दगडी जात्यावरचे पीठ विकत मिळते. तुमच्यापासून ती जवळ आहे, आणि मुलीला जाते फिरताना दाखवता येईल.

मुलीबद्दलची तुमची खंत मला समजते, कारण माझ्या मुलानेही एके दिवशी पोळीभाजीचा डबा न उघडता परत आणला होता. इथली मुले दुपारी शाळेत पाव आणि चीज असे गार जेवण जेवतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला इतरांसारखे दिसायचे असते. दुपारच्या डब्यावरून तिच्याशी वाद घालू नका. तिला पाव न्यावासा वाटला तर नेऊ द्या. संध्याकाळचे जेवण मात्र सर्वांनी एकत्र बसून, ताटात वाढून करा आणि तुमच्या पतीनेही बाजाराची पिशवी उचलायला शिकावे, म्हणजे जेवणाची सगळी काळजी एकट्या तुमच्या डोक्यावर राहणार नाही. मुलीला जेवायला बसवण्याआधी बाजारात न्या. जी भाजी तिने स्वतः निवडून आणली, ती ती निदान चाखून तरी पाहील.

इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा बुधवारी लवकर सुटतात. तुमच्या मुलीची शाळाही तशीच असेल, तर येत्या बुधवारी तिला शाळेतून घेऊन परस्पर बाजारात जा. पहिल्या खेपेला दोनच वस्तू घ्या. कोथिंबिरीची एक जुडी, जी मुलीने पान चुरडून, वास घेऊन ओळखायची, आणि घोळीची एक जुडी, जी उन्हाळाभर मिळते आणि सप्टेंबरनंतर दिसेनाशी होते. घोळीची काही देठे मुळांसकट बाजूला काढून कुंडीत खोचून ठेवा, खिडकीतल्या उन्हात ती सहज धरतात. पातळ भाजी कशी झाली आणि पोळ्यांना किती पाणी लागले, ते मला अवश्य कळवा. पाण्याचा अंदाज चुकत असेल, तर पिठाच्या पाकिटावरचे नाव लिहून पाठवा, म्हणजे त्या पिठाला किती पाणी लागते ते मला नेमके सांगता येईल.